करंडक आधी की क्लब आधी?

एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या मैदानावर ईस्ट बंगालच्या महिला फुटबॉल संघाने ओडिशा एफसीचा १-० असा पराभव केला आणि इंडियन विमेन्स लीगचे विजेतेपद पटकावले. बातमी झाली ती विजेत्यांची, आणि ते योग्यच होते. मला मात्र त्या निकालाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. हरलेला ओडिशा एफसी हा गतविजेता होता. २०२३-२४ च्या हंगामात त्याने हीच लीग जिंकली होती आणि त्या बळावर तो आशियाई क्लब स्पर्धेतही उतरला होता. २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा हाच संघ आठ संघांत सातवा राहून खालच्या श्रेणीत गेला. उलट, ईस्ट बंगाल आदल्या वर्षी तळाशी चाचपडत होता आणि वर्षभरात तो अव्वल ठरला.

या उलथापालथीकडे पुण्यातून बारकाईने पाहायला हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यापासून मुलींच्या इतर खेळांतही व्यावसायिक संघ उभे राहावेत, ही भावना बळावली आहे आणि त्यात फुटबॉलचे नाव ओघानेच येते. एखाद्या उद्योगसमूहाने पुण्याचा महिला संघ काढावा, चार परदेशी खेळाडू आणावेत आणि दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवावे, असे चित्र रंगवणे सोपे आहे. पुण्याला व्यावसायिक महिला फुटबॉल क्लबची नितांत गरज आहे, हे माझेही मत आहे. पण तो क्लब करंडकाच्या घाईतून जन्मणार असेल, तर त्याला करंडक एखादे वेळी मिळेलही, तो टिकणार मात्र नाही. जे क्लब महिला फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे जिंकत राहिले त्यांचा इतिहास हे दाखवतो, आणि पुण्याचा स्वतःचा इतिहास तर त्याहून स्पष्टपणे दाखवतो.

गेल्या वीस वर्षांत या शहराने व्यावसायिक फुटबॉलचे चार प्रयोग पाहिले. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, पुरुषांच्या आय-लीगमध्ये चांगला खेळला आणि २०१५ मध्ये थांबला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून बाहेर पडला. पुरुषांच्याच इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादकडे गेली. यांतील शेवटचे नाव आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. २०१७ च्या प्रारंभी दिल्लीत इंडियन विमेन्स लीगची पहिली अंतिम फेरी झाली, तेव्हा तिच्यातील सहा संघांत एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता. देशाच्या पहिल्या महिला लीगमध्ये पुणे पहिल्या दिवसापासून होते. क्लब गेला, त्याबरोबर ती जागाही गेली. २०२४-२५ च्या आठ संघांत कोलकात्याचे दोन, ओडिशाचे दोन आणि केरळ, तमिळनाडू, बंगळुरू व दिल्लीचा प्रत्येकी एक संघ होता. महाराष्ट्राचा एकही नव्हता. महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचे नाव आहे, हे लक्षात घेतले तर ही अनुपस्थिती अधिकच बोचते.

चारही प्रयोगांमागे पैसा होता, काहींमागे तळमळही होती. नव्हते ते एवढेच की मालकाने हात काढून घेतल्यावरही क्लब चालू ठेवील, अशी कुठलीही व्यवस्था. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आहेत, कारण ते पेठेचे आहेत आणि पेठ कुठे जात नाही. त्या परंपरेत मुलींना फारशी जागा मिळाली नाही, हे तिचे मोठे उणे आहे. तरीही एफसी कोल्हापूर सिटीच्या रूपाने महिला लीगमध्ये काही हंगाम महाराष्ट्राचे नाव राहिले ते त्याच शहरामुळे, ही गोष्ट पुण्याने विचारात घ्यावी अशी आहे.

आता यश कसे घडते ते पाहू. बार्सिलोनाच्या महिला संघाने २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. पण या क्लबचा अभ्यास सुरू करायचा तो २०१९ च्या पराभवापासून. बुडापेस्टच्या त्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या लिऑंने पहिल्या तीस मिनिटांत चार गोल केले, त्यांतले तीन एकट्या आडा हेगरबर्गचे. अखेरीस सामना ४-१ असा संपला. आपल्याकडे अशा पराभवानंतर काय होते, ते आपण जाणतो. आधी प्रशिक्षक जातो, मग निम्मा संघ, मग प्रायोजक. बार्सिलोनाने प्रशिक्षक लुईस कोर्तेस यांना कायम ठेवले, संघाचा गाभा तोच ठेवला आणि वेग व ताकद यांत आपण कुठे कमी पडलो त्यावर काम केले. दोनच वर्षांनी गोथेनबर्गमध्ये याच संघाने अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध छत्तीस मिनिटांत चार गोल केले आणि सामना ४-० असा जिंकला. पुढे २०२४ मध्ये बिल्बाओत ज्या लिऑंने त्यांना लोळवले होते, त्याच लिऑंला २-० असे हरवले. त्या सामन्यात गोल करणाऱ्या ऐताना बोनमाती आणि अलेक्सिया पुतेयास. बोनमाती तेराव्या-चौदाव्या वर्षी क्लबच्या मुलींच्या संघात आलेली. हा क्लब सभासदांच्या मालकीचा आहे आणि महिला संघ २०१५ पासून पूर्णवेळ व्यावसायिक आहे. म्हणजे व्यावसायिक झाल्यापासून युरोपीय विजेतेपदापर्यंत सहा वर्षे गेली, आणि तीही बार्सिलोनासारख्या संपन्न क्लबला लागली.

लिऑंचीही तीच कथा. २००४ मध्ये शहरातील जुना महिला संघ ऑलिंपिक लिऑंने आपल्यात घेतला. युरोपचे पहिले विजेतेपद मिळाले २०११ मध्ये, आणि त्याआधीच्या वर्षी अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटवर जर्मनीच्या टुर्बिने पोट्सडामकडून हार पत्करावी लागली होती. त्यानंतर मात्र २०२२ पर्यंत एकूण आठ विजेतेपदे आली.

परदेशी क्लबांकडे पैसा आहे, त्यांचे दाखले आपल्याला कशाला, असा आक्षेप येईल. म्हणून घरचेच उदाहरण घेऊ. कोळिकोडचा गोकुलम केरला हा एका चिट फंड समूहाचा क्लब. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या महिला संघाने बंगळुरूत मणिपूरच्या क्रिप्साला ३-२ असे हरवून लीग जिंकली. त्या आधी केरळच्या कुठल्याही संघाने ती जिंकली नव्हती. २०२१ मध्ये जॉर्डनमध्ये झालेल्या आशियाई क्लब स्पर्धेत त्यांनी उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला ३-१ असे नमवले. २०२१-२२ च्या हंगामात अकरापैकी अकरा सामने जिंकले आणि २०२२-२३ मध्ये सलग तिसरे विजेतेपद मिळवले. मधल्या काळात ऑगस्ट २०२२ मध्ये हा संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला असताना फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली आणि मैदानात पाऊल न ठेवता मुलींना परतावे लागले. प्रशासकांच्या चुकीची शिक्षा खेळाडूंनी भोगली. तरीही संघ विस्कटला नाही. पुढच्याच हंगामात पुन्हा जिंकला, हे मला त्या तीन करंडकांपेक्षाही मोठे यश वाटते.

गोकुलमला शेवटची दोन विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज पुढे ईस्ट बंगालकडे गेले. गोकुलमकडून खेळताना २०२४-२५ च्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी युगांडाची आघाडीपटू फाझिला इक्वापुतही त्या हंगामानंतर तिथे गेली. ईस्ट बंगालची तळापासूनची झेप प्रशिक्षकाच्या त्या बदलातून बरीचशी समजते. कोणी म्हणेल, मग माणसे विकत घेऊनच यश मिळते हे सिद्ध झाले. अंशतः ते खरे आहे. पण ही माणसे घडली ती कुठल्या तरी क्लबने चार-पाच हंगाम सलग चालवलेल्या कामातून. कोणीच घडवणारा उरला नाही तर विकत घेण्यासारखे कोण राहील? आणि विकत घेतलेले एका वर्षात निघूनही जाते. केवळ पैशाने आलेला संघ पैसा आटताच विरतो, याची धास्ती ईस्ट बंगालच्या समर्थकांनाही असली पाहिजे.

लीगचे स्वरूपही बदलले आहे आणि त्याचा या युक्तिवादाशी थेट संबंध आहे. आधीची अनेक वर्षे ही लीग एकाच शहरात काही आठवड्यांत उरकली जाई. महिनाभरासाठी खेळाडू गोळा करून, त्यांना एका वसतिगृहात ठेवून, जिंकून घरी पाठवणे तेव्हा शक्य होते. २०२३-२४ पासून सामने स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, कित्येक महिने चालतात. आता दुखापतीतून सावरण्याची सोय लागते, राखीव खेळाडूंची फळी लागते, गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेल्या मुलीला सहा-आठ महिने सांभाळणारा फिजिओ लागतो. ही दुखापत पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंना कितीतरी अधिक प्रमाणात होते, हे क्रीडावैद्यकाला चांगले ठाऊक आहे. अशा हंगामात वरच्या क्रमांकावर राहणे हंगामी जुळवाजुळवीला झेपत नाही.

पुण्यातील मुलींची स्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी. खेळणाऱ्या मुली नाहीत, हे म्हणणे चुकीचे आहे. शाळांचे संघ आहेत, जिल्हा संघटनेच्या स्पर्धा आहेत, शनिवार-रविवारी टर्फवर प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्या गल्लोगल्ली निघाल्या आहेत. अडचण पुढची आहे. तासाच्या भाड्याने मिळणारे टर्फ लहान असते, चहूबाजूंनी जाळी असते. चेंडू बाहेर जात नाही, ऑफसाइडचा प्रश्न येत नाही, तीस मीटरचा पास कधी द्यावाच लागत नाही. अशा टर्फवर वाढलेली चौदा वर्षांची चपळ मुलगी पूर्ण मापाच्या मैदानावर उतरते तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत दमते, कारण आपल्या आणि चेंडूच्या मधली मोकळी जागा कशी वाचायची हे तिला कोणी शिकवलेलेच नसते. पूर्ण मापाची मैदाने शहरात मोजकी आहेत आणि त्यांवर संध्याकाळी पहिला हक्क मुलांच्या संघांचा, नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचा असतो. मुलींच्या वाट्याला भर दुपार किंवा उजाडण्याआधीची वेळ येते. त्या वेळी मुलीला एकटीला पाठवायचे की नाही, असा प्रश्न घरात उभा राहतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर नाही असेच येते.

मग दहावी येते. क्लास सुरू होतात आणि स्टड्स, म्हणजे फुटबॉलचे बूट, माळ्यावर जातात. पालकांना दोष देणे मला पटत नाही, कारण त्यांच्यापुढे हिशेब स्पष्ट असतो. आपल्या राज्यात खेळाडूला जे मिळते, मग ते परीक्षेतील सवलतीचे गुण असोत किंवा सरकारी नोकरीतील पाच टक्के आरक्षण, ते मुख्यतः शालेय, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. एक चांगले प्रमाणपत्र हाती आले की खेळाचे काम झाले, असे कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे. क्लबकडून आठ महिने खेळणे, दर आठवड्याला सुधारणे, याला या व्यवस्थेत फारसे मोल नाही. मणिपूरमध्ये मुली फुटबॉल सोडत नाहीत, त्याचे कारण केवळ तिथल्या मातीत नाही. पोलीस दलाच्या आणि इतर सरकारी संघांनी तिथे खेळाला पगाराची वाट जोडून दिली होती. पुण्यातील सोळा वर्षांच्या मुलीला समोर अशी वाट दिसतच नाही. म्हणूनच 'आधी तळागाळात काम करा, क्लब नंतर बघू' हा सल्ला मला अपुरा वाटतो. तळ आहे, वरची पायरी नाही, आणि वर काही नसल्यामुळे तळही दरवर्षी नव्याने रिकामा होतो.

महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक येत नाहीत, हा आणखी एक ठरलेला आक्षेप. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातील मुलींच्या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लिश महासंघाने आपल्या क्लबांची मैदाने महिलांना बंद केली आणि ही बंदी अर्धे शतक चालली. प्रेक्षक नव्हते असे नाही, ते घालवले गेले. एप्रिल २०२२ मध्ये बार्सिलोना आणि वोल्फ्सबुर्ग यांच्या सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक होते. १९८० च्या सुमारास आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला उपविजेत्या ठरल्या त्या कोळिकोडमध्येच. त्या शहरात पुढे गोकुलम उभा राहिला, हा केवळ योगायोग मानायला माझे मन तयार नाही.

पुण्यालाही अशी संधी येऊन गेली. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आशियाई महिला चषकाचे सामने बालेवाडीला झाले. सामन्याच्या ८७ व्या मिनिटाला जी सो-युनने लांबून मारलेल्या फटक्याने दक्षिण कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले ते याच मैदानावर, आणि चीनने जपानला पेनल्टी शूटआउटवर हरवले तेही इथेच. आशियातील सर्वोत्तम महिला फुटबॉल आपल्या शहरात आले, पण कोविडच्या निर्बंधांमुळे ते पाहण्याचे सुख पुणेकर मुलींना मिळाले नाही. भारतीय संघ तर बाधित खेळाडूंमुळे स्पर्धेतूनच बाहेर पडला होता. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेले हे संकुल आजही उभे आहे. त्यावर नियमित खेळणारा शहराचा महिला संघ नाही, एवढाच काय तो फरक.

मालकी कोणाची असावी, हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि त्यात माझ्या मताविरुद्ध जाणारा पुरावा मला लपवायचा नाही. युरोपात केवळ महिलांसाठी असलेले स्वतंत्र क्लब मागे पडले. चार वेळा युरोपीय विजेता ठरलेला एफएफसी फ्रांकफुर्ट २०२० मध्ये आइनट्राख्ट फ्रांकफुर्टमध्ये विलीन झाला. लिऑंला हरवणारा पोट्सडाम २०२३ मध्ये बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल लीगमधून खाली घसरला. पुरुषांच्या मोठ्या क्लबांचा पैसा मैदानात उतरल्यावर त्यांचा निभाव लागला नाही. पण पुण्यात असा मोठा पुरुष क्लब आहे कुठे? आणि पुरुषांच्या संघाला बांधलेला महिला संघ त्याच्याबरोबर बुडतो, हे २०१९ मध्ये इथेच दिसले. २०२५ मध्ये कराराच्या तिढ्यात इंडियन सुपर लीगच अडकली, तेव्हा त्या आधाराचा भरवसा किती धरायचा, हेही कळले. अमेरिकेतील कॅन्सस सिटी करंट या क्लबने २०२४ मध्ये खास महिला संघासाठी बांधलेले ११,५०० आसनांचे मैदान सुरू केले. पुरुषांच्या संघाची सावली नसतानाही व्यावसायिक महिला क्लब उभा राहू शकतो, हे तिथे दिसते. त्यामुळे पुण्यात सभासदांची संस्था, काही कंपन्यांची दीर्घ मुदतीची बांधिलकी आणि महापालिकेचे मैदान, असा तिहेरी पाया मला अधिक भरवशाचा वाटतो. सहकारी संस्था कशा बुडतात तेही महाराष्ट्राने पाहिले आहे, म्हणून लेखापरीक्षण आणि खेळाडूंचे प्रतिनिधित्व घटनेतच असले पाहिजे.

अमेरिकेचेच दुसरे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. पोर्टलंड थॉर्न्स हा तिथला अत्यंत यशस्वी क्लब. २०१३, २०१७ आणि २०२२ चा लीग विजेता. ज्या ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने तिसरा करंडक उचलला, त्याच महिन्यात तिथल्या महिला फुटबॉलमधील शोषणाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात या क्लबने तक्रारी कशा हाताळल्या त्यावर कठोर ठपका होता. आपल्याकडेही २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला परदेश दौऱ्यातील गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावे लागले. जिंकणारा क्लब आतून चांगलाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. तक्रार ऐकणारी, व्यवस्थापनापासून स्वतंत्र अशी समिती आणि प्रत्येक दौऱ्यात जबाबदार महिला अधिकारी, या गोष्टी पहिल्या सराव सत्राच्या आधी ठरल्या पाहिजेत.

खर्चाचे म्हणाल, तर महासंघाने २०२३ मध्ये प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा, असे ठरवले. म्हणजे किमान पगाराचा भार ३२ लाख. बालेवाडीत तेवढ्यात दोन खोल्यांचे घर मिळत नाही. प्रवास, प्रशिक्षक, फिजिओ, निवास आणि उरलेल्या खेळाडूंचे मानधन धरले तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो, हे मान्य. पण वाहन उद्योग आणि माहिती तंत्रज्ञानाच्या या शहराला तो पेलणार नाही, असे कोणी म्हणू नये. माझी मागणी अशी की जो कोणी असा क्लब काढील त्याने पहिल्या पाच वर्षांचा खर्च आधी बाजूला ठेवावा, पहिली दोन वर्षे राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या श्रेणीतच काढण्याची तयारी ठेवावी, आणि संघातील निम्म्या मुली पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातील असतील हे लेखी द्यावे. त्या बदल्यात महापालिकेने पूर्ण मापाचे एक मैदान आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी पाच ते आठ, दिव्यांसह, मुलींच्या सरावासाठी राखून ठेवावे. याला लीगची परवानगी लागत नाही, प्रायोजकही लागत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा हे वेळापत्रक मैदानाच्या फाटकावर लागू शकते.